भुऱ्याचा उपास

मी काही फार श्रद्धाळू बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. देव मानते, पण भांडून मानते. तीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली. दुसऱ्यांची लेकरं वजनकाट्यात घालायची, त्यांच्या आयांना तेच ते समजावून सांगायचं, संध्याकाळी रजिस्टर भरायचं, यात देवासमोर निवांत बसणं कधी जमलंच नाही. दिवा लावायची तोही गॅसवर दूध ठेवून. दूध उतू जायला लागलं की आरती तिथंच थांबायची. देवाला सवय झाली असेल असं मी धरून चालले होते.

मालक पाटबंधाऱ्यात पाटकरी होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या सोडणं, दारं लावणं, हेच काम जन्मभर केलं त्यांनी. निवृत्त झाले आणि चार वर्षांत गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले, दोन्ही लेकी आपापल्या घरी गेल्या, आणि मग मला जो थकवा आला तो काही वेगळाच होता. झोपून उठलं तरी जात नव्हता. भाकरी थापायला बसले की वाटायचं, कोणासाठी? अर्धी भाकरी खायची आणि अर्धी तशीच दुरडीत वाळायची. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. नुसतं अंग ओढत दिवस काढायचे.

शेजारीच माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांचं माझं आयुष्यभर मीठ-मिरचीवरून वाजत आलंय, पण मालक गेल्यापासून त्या रोज एकदा येऊन माझी चूल बघून जायच्या. त्याच एक दिवस म्हणाल्या, "पोथीचं पारायण धर. मन लागंल." मला हसू आलं. कारण पारायण मी आधी तीनदा धरलं होतं आणि तिन्ही वेळा मोडलं होतं. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी पोलिओच्या डोसाला जायचा हुकूम आला. दुसऱ्यांदा सासूबाई न्हाणीत पडल्या. तिसऱ्यांदा मालकांना नांदेडला न्यावं लागलं. देवाला माझं वाचन पसंत नसावं, असं मी जाऊबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तीनदा मोडलं म्हून तर चौथ्यांदा धर."

आमच्याकडं सात दिवसांच्या पारायणाचे नेम कडक असतात. एकवेळ जेवण, जमिनीवर झोपणं, दिवा सात दिवस विझू द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे गावची शीव ओलांडायची नाही. शीव ओलांडली की पारायण मोडलं, मग पुन्हा पहिल्यापासून. फाल्गुन लागायचा होता. गावात हळदीच्या कढया पेटल्या होत्या, सगळीकडं उकडलेल्या हळदीचा वास आणि धूर. गावातली माणसं दिवसभर शेतात आणि कढईवर असायची. मला कुणी कुठं बोलावणार नव्हतं, जायचं नव्हतं. या वेळी काही आडवं येणार नाही, अशी माझी खात्री होती. गुरुवारी पाटावर बसले, दिवा लावला आणि सुरुवात केली.

आता भुऱ्याचं सांगते. भुऱ्या म्हणजे आमचा बोका. मालकांना तो कालव्याच्या भरावावर सापडला होता, मुठीएवढा. सदऱ्याच्या खिशात घालून आणला. मी म्हणाले, आधीच घरात काय कमी व्याप आहेत? ते म्हणाले, तुझ्याकडं शंभर लेकरं आहेत, मला एक असू दे. मोठा होऊन तो चांगला भक्कम, मातकट रंगाचा, कान फाटलेला बोका झाला. मालकांच्या बाजेवरच झोपायचा. ते गेल्यावर दोन महिने बाजेखाली बसून राहिला, मग एक दिवस माझ्या पायाशी येऊन झोपला, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखा. घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच एक होतं.

पारायणाचे दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी वाचायला बसले तर भुऱ्या देवघरात आला आणि चौरंगाच्या मागं, भिंतीला लागून, चारी पाय अंगाखाली घेऊन बसला. डोळे अर्धे मिटलेले. माझं वाचन संपेपर्यंत हलला नाही. दूध ठेवलं, त्याला तोंड लावलं नाही. दुपारी जाऊबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोथी ऐकून ऱ्हायलं गं हे मांजर."

मी म्हणाले, "काहीतरीच काय, जाऊबाई."

"काहीतरीच कसं? दूधसुद्धा घेत न्हाई म्हणतेस. उपास धरलाय त्यानं. मालकाचं मांजर हाय, उगं न्हाई बसलं देवापाशी."

शेवटचं वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही गोष्ट आळीभर झाली. बाया बघायला आल्या. कुणी भुऱ्याच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, कुणी त्याच्यापुढं फूल ठेवलं. एका सुनेनं मोबाईलवर फोटो काढून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. एरवी अनोळखी माणूस दिसलं की घराच्या माळवदावर पळणारा भुऱ्या मान खाली घालून बसून राहिला, जाग्यावरून उठलासुद्धा नाही. बाया म्हणाल्या, किती शांत झालाय बघा. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दीड वर्षात पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं की या घरावर अजून कुणाची तरी नजर आहे, आणि मालकांनीच त्याला माझ्या सोबतीला देवापाशी बसवलंय.

पण मी काही बघतच नव्हते असं नाही. अंगणाच्या कडेला चुलीच्या राखेचा ढीग असतो, भुऱ्या तिथं जायचा. चौथ्या दिवशी मी चहा पीत असताना तो राखेत जाऊन बसला, उकरलं, पाठ वाकवली, उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. असं तीनदा. मला वाटलं, पोटात काही नाही म्हणून कुंथतोय. मागच्या पायात तोंड घालून सारखा चाटत होता. संध्याकाळी एकदा असा खोल आवाज काढला की मी निरांजन खाली ठेवून वळून बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "नाव घेतंय." मी मान डोलावली. तीस वर्षं मी बायांना हेच शिकवत आले की लेकरू प्यायचं बंद झालं, मलूल पडलं, लघवी कमी झाली, तर वाट बघू नका, अंगारा लावत बसू नका, आधी दवाखाना गाठा. अंगणवाडीच्या भिंतीवर त्या धोक्याच्या खुणांचा तक्ता मी स्वतः खिळे ठोकून लावला होता. तो तक्ता मला पाठ होता, आणि तरी मी मान डोलावली.

पाचवा दिवस सोमवारचा. अकराच्या सुमारास वाचन संपवून मी ओट्यावर येऊन टेकले. इतकी थकले होते की डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी बसले होते. तेवढ्यात बकऱ्यांनी भरलेली एक पिकअप आमच्या दारापुढं येऊन थांबली. टायरमध्ये खिळा घुसला होता. ड्रायव्हर जॅक लावायला खाली उतरला आणि दुसऱ्या दारातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खांद्यावर रुमाल. बकऱ्यांचे व्यापारी होते, आमच्या गावातून दोन बोकड घेऊन पुढं वसमतला निघाले होते.

"बाई, पाणी भेटंल का प्यायला?"

मी तांब्या भरून दिला. ते ओट्याच्या कडेला बसले, पाणी प्याले आणि तिथंच टायर बदलायची वाट बघत बसून राहिले. बोलणारा माणूस नव्हता. तेवढ्यात भुऱ्या घरातून बाहेर आला. दोन पावलं टाकून थांबायचा, पुन्हा दोन पावलं. राखेपर्यंत गेला, बसला, उठला. म्हाताऱ्यांची नजर त्याच्यावर खिळली. बराच वेळ त्यांनी बघितलं.

"बाई, बोका तुमचा हाय का?"

"व्हय."

"मी बसल्यापून चार येळा राखंत बसला. एक थेंब न्हाई पडला."

मी म्हणाले, "उपास आहे त्याचा. तीन दिवस झाले, पोथी ऐकतो. काही खात नाही." हे बोलताना माझ्या आवाजात थोडा मान होता, तो मला आजही ऐकू येतो.

ते हसले नाहीत. तसं हसले असते तर मला राग आला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. ते फक्त हळू आवाजात म्हणाले, "बाई, जनावर उपास धरत न्हाई. तकलीफ असली म्हणजे खात न्हाई." मग विचारलं, "हात लावू का त्याला? पारायण दिसून ऱ्हायलंय तुमचं. मी घरात न्हाई येत. इथंच बघतो, अंगणात."

उकिडवे बसून त्यांनी भुऱ्याच्या पोटाखालून दोन बोटं फिरवली. अगदी हलकेच. भुऱ्या ओरडला, पण चावला नाही. चावायचंही त्राण नव्हतं त्याच्यात. "लिंबावानी कडक लागून ऱ्हायलंय," ते म्हणाले. "मूत तुंबलंय बाई याचं. आमच्या खस्सी, म्हंजी खच्ची केलेल्या बोकडाला बराबर असंच व्हतं, दाणा जास्ती झाला की खडा अडकतो. असाच बसतो, असाच उठतो. लोक म्हणतात पोट धरलं, तेल पाजा. तेल पाजत दिवस जातो आन् बोकड बी जातो. आज नेलं तर नेलं. उद्या न्यायला काय उरणार न्हाई."

मला आता जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकींनाही नाही. मालक शेवटच्या चार महिन्यांत फार शांत झाले होते. चिडायचे नाहीत, जेवण कमी केलं, सकाळ-संध्याकाळ देवघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटून. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, यांचं मन आता देवाकडं लागलंय, विरक्ती आलीय. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लघवी किती दिवसांपासून कमी झाली होती?" मला सांगता आलं नाही. मी बघितलंच नव्हतं. मूत्रपिंडं कधीचीच जात आली होती, आणि तो माणूस दुखणं गिळून बसला होता, आणि मी त्याला भक्ती म्हणत होते. अंगणात त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून मूत तुंबल्याचं ऐकलं आणि मला नांदेडच्या डॉक्टरांचा तो प्रश्न आठवला. तीच चूक. त्याच उंबऱ्यापाशी, त्याच कौतुकानं, मी दुसऱ्यांदा करत होते.

आवाज ऐकून जाऊबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एरंडेल पाज, व्हईल बरं. दोनच दिवस ऱ्हायलेत गं. आता शीव ओलांडलीस तर चौथ्यांदा मोडंल."

"मोडू द्या," मी म्हणाले.

मला वाटलं आता भांडण होणार. पण जाऊबाईंनी विचारलं, "मग दिवा?" दिव्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तेव्हा त्या चपला काढून, हातपाय धुऊन सरळ देवघरात गेल्या आणि दिव्याजवळ मांडी घालून बसल्या. "जा तू," आतून म्हणाल्या. "मी हाय इथं."

गावातल्या एकाही गाडीला सवड नव्हती. सगळी वाहनं हळदीला लागली होती. व्यापारी म्हणाले, "आमी वसमतलाच चाललो, बसा." टोपलीत जुनं लुगडं घालून भुऱ्याला ठेवलं. पिकअपला पुढं दोनच माणसांची जागा. ते माझ्यासाठी उतरले आणि मागं बकऱ्यांमध्ये जाऊन उभे राहिले, त्या वयात, दांडीला धरून. निघताना एवढंच बजावलं, "पोट दाबू नका बाई. आतल्या आत फुटंल." म्हणून मी हात टोपलीच्या काठावर ठेवला आणि नजर त्याच्या बरगड्यांवर. वर जातायत का, खाली येतायत का. शिवेवरून जाताना देवाची क्षमा मागायची असं मी घरातून निघताना ठरवलं होतं. पण शीव कधी मागं पडली ते मला कळलंच नाही. डोकं वर केलं तेव्हा वसमतचे दवाखाने-दुकानं दिसत होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. एका गाईच्या पायाला पट्टी बांधून त्या डबा उघडायच्या बेतात होत्या. टोपलीतलं बघितलं आणि डबा बाजूला सारला. "बोका आहे ना? कधीपासून?" त्यांनी विचारलं. आणि या वेळी मला सांगता आलं. शनिवारी दूध सोडलं, रविवारी चहाच्या वेळी तीनदा राखेत बसला, संध्याकाळी ओरडला, आज सकाळी तासाभरात चारदा, थेंब नाही. बोलताना माझा आवाज फुटला. त्यांना वाटलं मांजरासाठी रडतेय. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

त्यांनी आधी सुईनं मूत्राशयातलं तुंबलेलं काढलं. लालसर निघालं. मग बारीक नळी घातली, सलाईन लावलं. हात चालू ठेवूनच त्या मला सांगत होत्या. नर मांजराची मूत्राची वाट फार बारीक असते, ती बंद झाली की एक-दोन दिवसांत विष अंगात चढतं. शनिवार-रविवारी थोडं थोडं होत असेल, आज पूर्ण बंद झालं. बोका सारखा बसतो-उठतो आणि काही होत नाही, म्हणजे थांबायचंच नाही, त्याच तासाला निघायचं. मांजरानं दिवसभर अन्न सोडलं, कोपऱ्यात जाऊन दडलं, एकसारखं खाली चाटत राहिलं, ओकलं, तोंड उघडं टाकून धापा टाकल्या, तर समजायचं की गोष्ट घरगुती इलाजाची राहिली नाही. माणसाची ताप-दुखीची गोळी तर चुकूनही द्यायची नाही, मांजराला ती मारते. मग म्हणाल्या, "मांजर दुखणं दाखवत नाही हो मावशी. लपवतं. ते शांत झालं ना, की जास्त बघायचं."

मी मान हलवली. मला ते वाक्य आधीच कुणीतरी शिकवायला पाहिजे होतं. पण कुणी शिकवलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक.

दोन दिवस वसमतला भाचीकडं राहिले. रोज भुऱ्याला दवाखान्यात न्यायची, सलाईन लावून आणायची. भाचीच्या घरी पोथी नव्हती आणि मी मागितलीही नाही. टोपलीशेजारी जमिनीवर झोपायची, तेवढा एक नेम पाळला गेला, तोही जागा नव्हती म्हणून. मनात प्रार्थना अशी येत नव्हती. नळीतून थेंब पडताना बघायची. एक पडला, आता दुसरा पडू दे, एवढंच. पण हेही सांगितलं पाहिजे की त्या दोन दिवसांत माझं अंग दुखत होतं, डोळे जळत होते, आणि तरीही तो वर्षश्राद्धानंतरचा थकवा नव्हता. हा साधा थकवा होता, माणसाला काम केल्यावर येतो तसा.

लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा मदतीला आलेला माणूस पुन्हा कधीच सापडत नाही, कुणाला त्याचं नाव-गाव कळत नाही. माझ्या नशिबी तसं काही नव्हतं. पुढच्या महिन्यात कुरुंद्याच्या बाजारात गेले तर तेच म्हातारे एका गिऱ्हाइकाशी शेळीवरून तावातावानं घासाघीस करताना दिसले. मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागं सरकले. "पाया नका पडू बाई. बोकडात जन्म गेला, म्हून दिसलं. दुसरं काय?" मी म्हणाले, "खिळा माझ्याच दारात घुसला, भाऊ." ते म्हणाले, "खिळा कुठंबी घुसतो. बोका जगला का?" जगला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते पुन्हा शेळीच्या दातांकडं वळले. तो खिळा कुणी ठेवला यावर मी पुष्कळ विचार केला, आता सोडून दिलाय. मला तो पुरला.

आणि जाऊबाई. मी परतले तेव्हा दिवा जळत होता. माझ्या सातव्या दिवसापर्यंत त्यांनी तो विझू दिला नव्हता, स्वतःच्या घरचं जेवण सुनेवर टाकून त्या तिथंच बसून होत्या. त्यांना वाचता येत नाही. पोथी शेवटच्या पानावर उघडी होती. मी विचारलं, हे कसं? म्हणाल्या, "रोज तुज्याएवढी पानं उलटली आन् हात जोडले. वाचायला देवाला येतंच की." माझं पारायण झालं की मोडलं, हे मी कुणाला विचारलं नाही. पन्नास वर्षं मला वाटत आलं की देवापुढं नेम पुरे करून दाखवायचे असतात, मग तो आपल्याकडं बघतो. आता वाटतं की त्यानं बघण्याचं काम आपल्याकडं सोपवलेलं असतं, आणि आपण डोळे मिटून बसतो. ज्या दिवशी मी माझा नेम हातातून सोडला त्या दिवशी माझ्यासाठी इतके हात पुढं आले की मला मोजताही आले नाहीत.

पण घरी पोचायच्या आधी वाटेत जे झालं ते मी शेवटी सांगायला ठेवलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी नळी काढली. म्हणाल्या, "आता खरी परीक्षा. आज संध्याकाळपर्यंत त्याला आपली आपण लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर उद्या सकाळीच परभणीला न्यावं लागेल. मग ऑपरेशन. आणि ते सोसेलच असं मी सांगू शकत नाही." मी काळीपिवळी जीपमध्ये बसले. दाटीवाटीनं बारा माणसं. टोपलीत भुऱ्या कासावीस व्हायला लागला म्हणून त्याला काढून मांडीवर घेतलं, पदरात गुंडाळलं. अंगावर तेच पारायणाचं धुतलेलं पातळ होतं. अर्धा रस्ता गेला. तो हलेना, ओरडेना. शांत पडून होता, आणि आता मला त्या शांततेची भीती वाटत होती. मी त्याचं तोंड बघत होते. मनात म्हणाले, मला आता काही कळत नाही, तुझं तू बघ. बास, एवढंच. भांडण नाही, नवस नाही.

तेवढ्यात मांडीला ऊब लागली. आधी थोडी. मग पसरत गेली, गुडघ्यापर्यंत आली, सीटवरून खाली ठिबकायला लागली. शेजारी बसलेली बाई अंग चोरून म्हणाली, "मावशी, तुमचं लुगडं भिजून ऱ्हायलं. मांजर मुतलं वाटतं."

"व्हय बाई," मी म्हणाले, "मुतलं." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हात जोडावेसे वाटत होते, पण दोन्ही हातांत भुऱ्या होता, म्हणून तसेच राहू दिले.